कार्बनचे आयन रोवले, ५०० अंशांना तापवलं… लोखंडातला कार्बाइड गेला कुठे?

जालिका

नमस्कार मंडळी. पदव्युत्तर प्रकल्पात एका ठिकाणी अडकले आहे. इथे भट्टीवर काम करणारे आणि आयनांवर काम करणारे असे दोन्हीकडचे लोक आहेत, म्हणून धागा काढते.

शुद्ध लोखंड आणि शुद्ध टायटॅनियम यांच्या मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या आरशासारख्या पॉलिश करून घेतल्या. दोन्हींत १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे कार्बन आयन रोवले, म्हणजे विद्युतभारित कार्बन अणू वेगाने पृष्ठभागात घुसवले. मात्रा सारखीच, दर चौरस सेंटिमीटरला २ गुणिले १० चा १७ वा घात इतके आयन. मग दोन्ही चकत्या निर्वात भट्टीत ५०० अंश सेल्सियसला तासभर ठेवल्या.

रोपणानंतर नॅनोइंडेंटरवर (अतिसूक्ष्म टोक दाबून कठीणपणा मोजायचं यंत्र) दोन्ही चकत्या मूळपेक्षा कठीण निघाल्या. तापवल्यावर टायटॅनियम आणखी थोडं कठीण झालं. लोखंडाचं मात्र ये रे माझ्या मागल्या! कठीणपणा जवळजवळ मूळच्या आकड्यावर.

माझी समजूत अशी होती की रोपणाने कार्बन आत जातो आणि उष्णतेने त्याचा कार्बाइड (धातू आणि कार्बन यांचं संयुग) बनतो. मग लोखंडात उलटं का झालं?

भट्टीवाला

आयनांचं मला फार कळत नाही, पण लोखंड आणि कार्बन म्हणाल तर आयुष्य त्यातच चाललंय.

पोलाद लाल करून तेलात किंवा पाण्यात विझवलं की मार्टेन्साइट मिळतं, म्हणजे कार्बन आत कोंडून ताणलेलं लोखंड. त्याचं टेम्परिंग केलं, म्हणजे पुन्हा बेताने तापवलं, की कार्बन टप्प्याटप्प्याने बाहेर पडून कार्बाइड बनवतो. १०० ते २०० अंशांत एप्सिलॉन कार्बाइडचे बारीक कण येतात. २५० ते ३५० च्या पट्ट्यात सिमेंटाइट (लोखंडाचे ३, कार्बनचा १ अणू असलेला कार्बाइड) येतं आणि पुढे तापवाल तसे त्याचे कण जाड होत जातात, पोलाद मऊ पडतं. हायस्पीड स्टील मात्र ५५० च्या आसपास टेम्पर केलं की पुन्हा कडक होतं, कारण तिथे मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमचे कार्बाइड जन्माला येतात. हे अणू मोठे, हलायला जड, ५०० च्या खाली जागचे सरकत नाहीत. कार्बन मात्र लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून सुळकन जातो.

तुमच्या चकतीत मॉलिब्डेनम नाही, व्हॅनेडियम नाही. सिमेंटाइट बनलं, ५०० ला जाड झालं, मऊ पडलं. माझ्या लेखी विषय संपला.

निर्वात

भट्टीवाला यांनी सांगितलेला क्रम चोख आहे, पण तो मार्टेन्साइटचा. रोपण केलेल्या थरात गोष्ट वेगळ्या ठिकाणी सुरू होते.

जालिका, उष्णतेने कार्बाइड बनतो ही तुमची समजूतच आधी सोडा. बऱ्याच धातूंत तो रोपण चालू असतानाच बनलेला असतो. १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक कार्बन आयन लोखंडात थांबेपर्यंत काही शे अणू त्यांच्या जागेवरून उडवतो. तुमच्या मात्रेला हिशेब केला तर त्या थरातला प्रत्येक अणू सरासरीने डझनावारी वेळा हललेला आहे. त्यात जवळपास सगळे अणू लगेच कुठल्या ना कुठल्या जागी बसतात, पण एवढ्या ढवळाढवळीत कार्बनला शेजारी निवडायची भरपूर संधी मिळते. भट्टी लागत नाही.

टायटॅनियममध्ये खोलीच्या तापमानाला रोपण केलं तरी टायटॅनियम कार्बाइडचे काही नॅनोमीटरचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसतात. तेही वाटेल तसे पडलेले नसतात. षट्कोनी टायटॅनियमचं अणूंनी दाट भरलेलं प्रतल आणि घनाकृती कार्बाइडचं दाट भरलेलं प्रतल समांतर येतात. कार्बन फटीत शिरला, टायटॅनियमचे थर थोडे सरकले, की कार्बाइड तयार.

लोखंडात चित्र इतकं स्वच्छ नसतं. मात्रेनुसार षट्कोनी कार्बाइड, हेग कार्बाइड (लोखंडाचे ५, कार्बनचे २), सिमेंटाइट आणि काही भाग चक्क अस्फटिक. हे वेगळे ओळखायला रूपांतरण-इलेक्ट्रॉन मॉसबाउअर वर्णपटमिती फार कामाची, कारण ती नेमका वरचा शंभर-दोनशे नॅनोमीटरचा थरच पाहते आणि लोखंडाच्या प्रत्येक शेजाराची सही वेगळी दाखवते. तापवल्यावर साधारणपणे षट्कोनीतून हेग आणि हेगमधून सिमेंटाइट असा प्रवास होतो.

एक प्रश्न. रोपण करताना चकतीचं तापमान किती होतं? आयनांच्या शलाकेचा (झोताचा) प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोअँपिअर धरला तर १०० किलोव्होल्टला तिथे १ वॅट ओतला जातो. तुमची मात्रा भरायला पाऊण-एक तास लागतो. चकती मागून नीट थंड केली नसेल तर ती तेवढ्यात दोन-तीनशे अंशांना सहज पोचते. म्हणजे तुमचं पहिलं अनीलिंग (तापवून ठेवणं) भट्टीच्या आधीच होऊन गेलेलं असू शकतं.

जालिका

धारक पाण्याने थंड केलेला होता, चकती चांदीच्या लेपाने चिकटवलेली. धारकाचं तापमान शंभराच्या खाली होतं. चकतीच्या पृष्ठभागाचं वेगळं मोजलेलं नाही.

पण कार्बाइड आधीच बनलेला होता असं धरलं तर प्रश्न आणखीच अवघड झाला की. बनलेला कार्बाइड गेला कुठे? भट्टीवाला म्हणतात तसा नुसता जाड झाला?

आकडेमोड

जाड झाला नाही. बहुतेक निघून गेला. गणित करून दाखवतो, कागद-पेन्सिल पुरते.

आधी किती कार्बन आहे ते पाहू. १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला कार्बन लोखंडात शंभर-सव्वाशे नॅनोमीटर खोल जातो, टायटॅनियममध्ये त्याच्या दीडपट ते दुप्पट. आयन सगळे एकाच खोलीवर थांबत नाहीत, घंटाकृती वाटप होतं. शिखरावरची संहती काढायची तर मात्रेला विखुरणीच्या, म्हणजे त्या घंटेच्या पसाऱ्याच्या, अडीचपटीने भागा. लोखंडात विखुरणी ४५ नॅनोमीटर धरली तर शिखरावर शंभर अणूंमागे सतरा-अठरा कार्बनचे निघतात. टायटॅनियममध्ये ७० धरली तरी तेवढेच येतात, कारण तिथे अणू विरळ आहेत. लोखंडाच्या अल्फा अवस्थेत (साध्या तापमानाची रचना, हिलाच फेराइट म्हणतात) कार्बन जास्तीत जास्त विरघळतो तो ७२७ अंशांना, तोही वजनाने ०.०२२ टक्के, म्हणजे हजारात एक अणू. सतरा टक्के ठासून भरलेत म्हटल्यावर कार्बाइड बनणारच. निर्वात यांचं म्हणणं इथे जुळतं.

आता भट्टी. अल्फा लोखंडात कार्बनचं विसरण, म्हणजे अणूंचं सरकत पसरणं, भयंकर वेगवान आहे. ५०० अंशांना विसरणांक २.४ गुणिले १० चा उणे १२ वा घात, चौरस मीटर दर सेकंदाला. तासाभरात कार्बन सुमारे ९० मायक्रॉन जातो. तुमचा थर मायक्रॉनच्या दशांशाएवढा! कार्बनसाठी बाकीची चकती म्हणजे कोरडा टीपकागद आहे.

तो टीपकागद किती पिऊ शकतो हा खरा प्रश्न. त्यासाठी मी एक ढोबळ गुणाकार वापरतो: त्या तापमानाची विद्राव्यता गुणिले विसरणाचं अंतर. ५०० अंशांना विद्राव्यता सुमारे ०.०२ अणु-टक्के. गुणिले ९० मायक्रॉन, म्हणजे जवळपास १८ नॅनोमीटर. तुमची सगळी मात्रा लोखंडाच्या अणुघनतेने भागली तर येतात २३ नॅनोमीटर. म्हणजे तासाभरात चकती जेवढं पिऊ शकते आणि तुम्ही जेवढं रोवलंत ते जवळजवळ बरोबरीत आहे. पूर्ण मिलिमीटरभर पसरला तर तो कार्बन विद्राव्यतेच्या आठव्या हिश्श्याइतकाही भरत नाही.

सिमेंटाइट जाड व्हायला आधी शिल्लक तरी राहायला हवं ना.

भट्टीवाला

हे पटलं. आमच्याकडे डीकार्ब (पोलादातला कार्बन कमी होणं) होतं ते वरून, भट्टीतल्या हवेने कार्बन खाल्ल्यामुळे. इथे कार्बन आतल्या बाजूला पळाला. एवढा पातळ थर असेल तर असंही होऊ शकतं हे डोक्यात आलं नव्हतं, कारण आमची केस, म्हणजे वरचा कडक केलेला थर, अर्धा-एक मिलिमीटरची असते.

मग पोलादाच्या डायवर किंवा पंचावर हे रोपण केलं तर? तोही असाच पिऊन टाकेल?

आकडेमोड

पोलादाच्या आत कार्बाइड आधीच बसलेले असतात. तिथला फेराइट त्या तापमानाला जेवढा कार्बन विरघळवू शकतो तेवढा त्याच्यात आहेच. त्यामुळे वरच्या थरातला कार्बाइड विरघळायला ओढच उरत नाही. शुद्ध लोखंडाचा अनुभव पोलादाला लावू नये, आणि उलटही नको.

खडूस

म्हणजे एवढ्या गणितानंतर निष्कर्ष काय? टायटॅनियम कार्बाइड पक्का, सिमेंटाइट कच्चं, म्हणून एक टिकला आणि दुसरं गेलं. हे शालेय पुस्तकातही सापडतं.

निर्वात

@खडूस, पक्केपणाचा भाग आहेच. टायटॅनियम कार्बाइड बनताना मोलमागे सुमारे १८४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. सिमेंटाइट बनताना उलट थोडी आत घेतली जाते. सिमेंटाइट हे मुळात तात्पुरतं प्रकरण, पुरेसा वेळ आणि उष्णता दिली तर त्याचं लोखंड आणि ग्रॅफाइट होतं. आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे गेलात की हाच उतार दिसतो. टायटॅनियम, झिर्कोनियम, हाफ्नियम यांचे कार्बाइड सर्वांत घट्ट. मग व्हॅनेडियम, निओबियम, टँटलम. क्रोमियम, मॉलिब्डेनम, टंगस्टन त्याहून सैल. लोखंड, कोबाल्ट, निकेल काठावर. तांब्यापाशी शून्य.

आकडेमोड

उतार बरोबर, पण जालिकांच्या टायटॅनियमला तेवढ्याने उत्तर मिळत नाही. अल्फा टायटॅनियम कार्बनला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त विरघळवतं. ९२० अंशांच्या आसपास वजनाने जवळजवळ अर्धा टक्का! तापमान उतरलं की हा आकडा कमी होतो, तरी ५०० ला लोखंडाच्या दसपटीच्या वर राहतो. म्हणजे विद्राव्यतेच्या बाजूने पाहिलं तर मिलिमीटरभर जाड टायटॅनियमची चकतीही तुमचा सगळा कार्बन आरामात गिळू शकते. कार्बाइड कितीही पक्का असला तरी.

तो वाचला तो वेगामुळे. अल्फा टायटॅनियममध्ये कार्बनच्या विसरणाला मोलमागे १८० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जेचा उंबरठा आहे, लोखंडात ८० चा. ५०० अंशांना तासाभरात कार्बन तिथे जेमतेम एक मायक्रॉन सरकतो. तोच गुणाकार करा: ०.३ टक्के गुणिले १ मायक्रॉन, म्हणजे ३ नॅनोमीटर. रोवलेला कार्बन ३५ नॅनोमीटरचा. जेमतेम दहावा हिस्सा गेला. कण मात्र तेवढ्या वेळात नीट स्फटिकतात, थोडे वाढतात, रोपणाची मोडतोड भरून येते. हीच चकती ८०० ला बराच वेळ ठेवा, टायटॅनियम कार्बाइडही असाच आत पळेल.

खडूस

बरं, हे मान्य. आता माझी शंका. टायटॅनियम तापवल्यावर "आणखी कठीण झालं" याचं श्रेय कार्बाइडला कोणी दिलं? टायटॅनियम ५०० अंशांना निर्वातातला उरलासुरला ऑक्सिजन शोषून घेतं. ऑक्सिजन विरघळलेलं टायटॅनियम कठीणच होतं. भट्टीचा निर्वात जेमतेम असेल तर कार्बन न रोवलेली चकतीसुद्धा वरून कडक होऊन बाहेर येईल.

जालिका

@खडूस, न रोवलेली चकती सोबत ठेवली नव्हती. पुढच्या खेपेला ठेवेन.

@आकडेमोड, हा गुणाकार मी प्रकल्पात वापरला तर चालेल ना? आणि लोखंडात कार्बाइड टिकवायचा तर तापमान किती ठेवू?

आकडेमोड

खुशाल वापरा, माझ्या बापजाद्यांचा नाही.

२५० अंशांना पाहा. कार्बन तासाभरात पाचेक मायक्रॉन तरीही चालतो, म्हणजे तुमच्या थराच्या कितीतरी पट. पण विद्राव्यता ५०० च्या विसाव्या हिश्श्यावर आलेली. गुणाकार नॅनोमीटरच्याही खूप खाली जातो. म्हणजे थराच्या आत कार्बन मोकळा फिरेल, कार्बाइडचा एक प्रकार मोडून दुसरा बनेल, पण बाहेर फारसा जाणार नाही. लोखंडातले कार्बाइडचे बदल पाहायचे असतील तर २०० ते ३५० हाच पट्टा.

गंजखाते

उशिरा आले. मी गंज या विषयातली, त्यामुळे कार्बाइड म्हटलं की माझ्या कपाळावर आठी येते. तुम्ही सगळे कार्बाइड झाला की आनंद मानताय!

स्टेनलेस स्टीलचं उदाहरण घ्या. ऑस्टेनिटिक स्टेनलेसमध्ये ४५० अंशांच्या खाली कार्बन घातला, रोपणाने किंवा प्लाझ्माने, तर तो जालकात (अणूंच्या नियमित मांडणीत) नुसता कोंडून राहतो. जालक फुगतं, पृष्ठभाग भरपूर कठीण होतो आणि क्रोमियम जागच्या जागी राहतं, कारण त्या तापमानाला क्रोमियमला हलताच येत नाही. हाच जॉब ५५०-६०० ला नेलात की क्रोमियमला पाय फुटतात. क्रोमियमचे २३ आणि कार्बनचे ६ अणू असलेला कार्बाइड बसायला लागतो, आजूबाजूचं क्रोमियम तो ओढून घेतो आणि जिथे ते बारा टक्क्यांच्या खाली गेलं तिथे स्टेनलेस हे नावापुरतंच. मग गंज कणांच्या सीमांवरून आत शिरतो.

म्हणून तापमान ठरवताना कार्बनच्या विसरणासोबत धातूच्या अणूंचं विसरणही बघा. दोघांच्या वेगात फरक आहे तोवर तुम्हाला काम करायला जागा आहे.

भट्टीवाला

+१. वेल्डिंगच्या सांध्याशेजारी स्टेनलेस गंजतं ते हेच. ४५० ते ८५० चा पट्टा लवकर पार करा म्हणतात.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्यासाठी एवढा खटाटोप कोण करतो? आमचा नायट्रायडिंगचा (भट्टीत नायट्रोजन मुरवलेला) थर याच्या हजारपट जाड असतो.

निर्वात

रास्त प्रश्न. सगळ्यांनी करावा असं हे तंत्र नाहीच. आयन रोपणाचं मूळ अर्धवाहकांत. शॉक्लीचा पेटंट-अर्ज १९५४ चा, पेटंट मिळालं १९५७ ला. धातूंकडे ते वळलं १९७० च्या दशकात, इंग्लंडमध्ये हार्वेलला डिअर्नली आणि सहकाऱ्यांनी मुख्यतः नायट्रोजन रोवून झीज कमी होते हे दाखवलं तेव्हा. फायदे असे: जॉब तापवावा लागत नाही, त्यामुळे आधीचं टेम्परिंग बिघडत नाही. माप बदलत नाही. वेगळा लेप नसल्याने पापुद्रा सुटायचा प्रश्न नाही. टायटॅनियम मिश्रधातूच्या कृत्रिम सांध्यांवर नायट्रोजन रोपण झालं ते याच कारणांनी.

तोटे तुम्ही म्हणता तेच. थर पातळ, आणि शलाका सरळ रेषेत जाते, म्हणजे छिद्राच्या आत पोचत नाही. १९८७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराडने जॉबच प्लाझ्मात बुडवून त्याला ऋण व्होल्टेजचे ठोके द्यायची पद्धत मांडली. त्याने सगळ्या बाजूंनी रोपण होतं. फक्त तिथे हवा तोच आयन वस्तुमानावरून वेगळा काढणारा चुंबक नसतो. मिथेन वापरला तर कार्बनबरोबर हायड्रोजनही आत जातो, आणि टायटॅनियमला हायड्रोजन चालत नाही.

अवांतर: पोलादात नुसता टायटॅनियम रोवला तरी कार्बन येतो! निर्वातात उरलेल्या वायूंमधला कार्बन ताज्या टायटॅनियमवर चिकटतो आणि आत ओढला जातो. वर लोखंड-टायटॅनियम-कार्बनचा अस्फटिक थर तयार होतो, घर्षण कमी होतं. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत सँडिया आणि नौदलाच्या प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालं. घट्ट कार्बाइड करणारा धातू निर्वातातूनही आपला कार्बन मिळवतो.

जालिका

तांब्यापाशी शून्य म्हणालात. मग तांब्यात कार्बन रोवला तर तो काय करतो?

निर्वात

कोणाशीच जमत नाही म्हणून स्वतःशीच जमवतो. तांब्यात किंवा चांदीत ५०० अंशांच्या वर ठेवून भरपूर कार्बन रोवला की ग्रॅफाइटचे एकात एक गोल पापुद्रे असलेले गोळे मिळतात, त्यांना कार्बन-कांदे म्हणतात. टायटॅनियममध्येही मात्रा फार वाढवली, कार्बनला टायटॅनियम पुरेनासं होऊन कार्बन उरायला लागला, की जादा कार्बन आपसातच बंध करतो. त्यापुढे मात्रा वाढवून कार्बाइड वाढत नाही.

खडूस

आणि हे सगळं कठीणपणाच्या एका आकड्यावरून कळत नाही. कार्बाइड झाला म्हणायचं असेल तर तो दाखवा.

निर्वात

याच्याशी सहमत. जालिका, क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमिती (क्ष-किरणांनी उडालेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून बंध ओळखायची पद्धत) मिळत असेल तर तीच आधी करा. टायटॅनियमशी बांधलेल्या कार्बनचं शिखर २८२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतं, कार्बन-कार्बन बंधाचं २८५ च्या जवळ. पृष्ठभागावरचा मळ नेहमी २८५ ला दिसतो, त्यामुळे आर्गॉनने थर खरवडत खोलवर बघत जा. पण फार जोराने खरवडू नका, आर्गॉन आयनही बंध मोडतात आणि जोडतात. त्याच मोजणीत ऑक्सिजनही दिसेल, खडूसांची शंका फिटेल.

स्फटिक बघायचे तर क्ष-किरण अगदी तिरपे, एखाद्या अंशाच्या कोनात टाका. नेहमीच्या मांडणीत खालच्या धातूच्या शिखरांत तुमचा थर बुडून जाईल. लोखंडातला कार्बन किती उरला हे मोजायला साधं रदरफोर्ड विखुरण (हीलियमचे आयन आदळून किती ऊर्जेने परत येतात ते पाहणं) दुबळं, कारण जड धातूत हलका कार्बन दिसत नाही. हीलियमची ऊर्जा ४.२६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अनुनादावर नेता आली तर कार्बनचा संकेत कित्येक पट वाढतो.

इंडेंटरचं टोक किती खोल नेत होतात?

जालिका

दीडशे नॅनोमीटर.

निर्वात

मग तुम्ही मुख्यतः खालचा धातू मोजताय. थराच्या जाडीच्या दहाव्या भागात राहायचा दंडक आहे, म्हणजे तुमच्याकडे वीस-पंचवीस नॅनोमीटर. तिथे टोकाची गोलाई आणि पॉलिशचे ओरखडे त्रास देतात. म्हणून एकच खोली न निवडता खोलीनुसार कठीणपणाचा आलेख काढा आणि न रोवलेल्या चकतीचा आलेख त्याच्यावर ठेवा.

भट्टीवाला

पॉलिशनेही लोखंडाचा वरचा थर कडक होतो हो. तोही ५०० ला मऊ पडतो. न रोवलेली चकती ठेवाल तेव्हा ती त्याच पॉलिशची, त्याच भट्टीत, त्याच वेळी जाऊ द्या. आणि थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चकतीला टेकवून लावा, भट्टीच्या भिंतीपाशी नको. निर्वातात उष्णता पोचायला वेळ लागतो, तुमचा तासभराचा सोक (ठरल्या तापमानाला ठेवणं) प्रत्यक्षात किती झाला ते तेव्हाच कळेल.

जालिका

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: लोखंड २०० ते ३५० मध्ये, टायटॅनियम ५०० आणि ८००, प्रत्येक वेळी न रोवलेली जोडीदार चकती. एक चकती कमी कार्बनच्या पोलादाचीही घेते, आकडेमोड म्हणतात तसं तिच्यात ५०० ला कार्बाइड टिकतो का ते पाहायला. वर्णपट आले की याच धाग्यावर टाकते.

आकडेमोड

पोलादाची चकती घ्याल तर टेम्पर करून घ्या. विझवलेली नुसतीच घेतलीत तर भट्टीत तिचं स्वतःचंच टेम्परिंग सुरू होईल आणि कोणता कार्बाइड कोणाचा हे ओळखता येणार नाही.